‘बघून कळवतो’ म्हटल्यानंतरची शांतता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. वेळेचं स्वातंत्र्य, पैशांची अनिश्चितता, एकटेपणा हे विषय त्यात असतात आणि ते खरेच आहेत. पण चौदा वर्षं हे काम केल्यावर मला सगळ्यात जास्त त्रास ज्याचा झाला, त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र. काम करून पाठवलं की क्लायंट गप्प होतो. ‘मिळालं, बघून कळवतो’ एवढं येतं आणि मग काहीच येत नाही. आवडलं का, वापरलं का, कुठे खटकलं, कशाला कात्री लावली, काही कळत नाही. पैसे उशिरा का होईना, येतात. शब्द येत नाही.

मी इंग्रजी-हिंदीतून मराठीत अनुवाद करते. बँकांची माहितीपत्रकं, विमा पुस्तिका, औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं, मोबाइल ॲपमधली बटणं आणि सूचना, दुकानांच्या पाट्यासुद्धा. राहते मुलुंड पूर्वेला. त्याआधी लोअर परळच्या एका जाहिरात कंपनीत मराठी कॉपीच्या टेबलावर नऊ वर्षं होते. तिथले आमचे वरिष्ठ माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचे, ‘हे वाक्य फोनवर आईला वाचून दाखव. दुसऱ्यांदा विचारलं तर बदल.’ तेव्हा राग यायचा. नोकरी सोडून घरी टेबल मांडल्यावर वर्षभरात लक्षात आलं की रोज कुणीतरी मला शिकवत होतं आणि आता कुणी नाही.

माझे वडील मुद्रितशोधक. गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जायची. ओलसर शाईचा वास येणाऱ्या लांब गॅल्या, म्हणजे छपाईआधी तपासायचे कागद, टेबलावर पडलेल्या असत आणि वडिलांच्या हातात लाल पेन. काढून टाका, जागा सोडा, परिच्छेद जोडा, ऱ्हस्व करा, प्रत्येकाची खूण ठरलेली. ते पान आत खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे जायचं, दुरुस्त होऊन परत यायचं, पुन्हा जायचं. तीन-तीन प्रुफं निघत. चूक दाखवली म्हणून कुणी कुणावर रुसत नसे, कारण पान परत येणं हे कामाचंच अंग होतं. माझी फाइल जाते ती एका अंगाने जाते. त्यावर कुणी लाल पेन चालवलं असेल तरी ते पान माझ्यापर्यंत पोहोचत नाही.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण या एका प्रकरणाने मला बाकी सगळं समजलं.

२०१९ साली एका एजन्सीमार्फत एका विमा कंपनीची पुस्तिका माझ्याकडे आली. चाळीस पानं, अकरा हजारांच्या आसपास शब्द, नऊ दिवस, शब्दाला दीड रुपया. त्यात ‘फ्री लूक पीरियड’ हा शब्द पाच-सहा ठिकाणी होता. पॉलिसीचे कागद हातात आल्यावर अटी पटल्या नाहीत तर ती परत करून पैसे मागता येतात, त्यासाठीची ही मुदत. तेव्हा ती बहुतेक पॉलिसींना पंधरा दिवस असायची, २०२४च्या नियमांपासून तीस दिवस झाली. माझ्या साताऱ्याच्या मावशीच्या गळ्यात एका ओळखीच्या एजंटने नको ती पॉलिसी मारली होती. अशी मुदत असते हे तिला माहीतच नव्हतं. कागद कपाटात राहिले आणि दिवस निघून गेले. मी मावशीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, ‘पॉलिसी परत करण्याची मुदत’. त्या चार शब्दांवर मी अर्धा दिवस घालवला होता आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता.

फाइल पाठवली. ‘रिसीव्ह्ड, थँक्स.’ आठवड्याने विचारलं, ‘क्लायंटकडे आहे, मॅडम.’ आणखी दोन आठवड्यांनी, ‘काही आलं नाही, म्हणजे ओके असणार.’ पैसे तिसऱ्या महिन्यात आले. सहाएक महिन्यांनी स्टेशनजवळच्या बँकेत पासबुक भरायला रांगेत उभी होते, तर टेबलावर तीच पुस्तिका. वाक्यं माझी, पण तो शब्द सगळीकडे बदललेला, ‘मुक्त अवलोकन कालावधी’. मी रांग सोडून ती पुस्तिका वाचत उभी राहिले. मावशीने हे वाचलं असतं तर तिला काय कळलं असतं?

एजन्सीला मेल केला, कारण विचारलं. उत्तर आलं नाही. त्याच कंपनीची आणखी दोन कामं आली, दोन्हींत मी पुन्हा ‘परत करण्याची मुदत’ असंच लिहिलं. मला वाटलं, शब्द पानं मांडणाऱ्या कुणी आर्टिस्टने चुकून जुन्या फाइलमधून उचलला असेल. तिसऱ्या कामानंतर त्यांच्याकडून कामं यायची थांबली. का, तेही कुणी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी त्या एजन्सीत समन्वय करणारी मुलगी नोकरी बदलून दुसरीकडे गेली आणि तिने नव्या कामासाठी मला फोन केला. बोलता बोलता मी विचारलं. ती म्हणाली, ‘अहो, त्यांच्या लीगलमधल्या सरांनी सांगितलं होतं. कंपनीच्या आधीच्या सगळ्या कागदांत तोच शब्द आहे. एकाच गोष्टीला दोन शब्द वापरले आणि कुणी ग्राहक मंचात गेलं तर अडचण होईल.’ कारण अगदी रास्त होतं. मला ते पटलं. एका ओळीचं कारण. पण ती ओळ लीगलकडून मार्केटिंगकडे गेली, मार्केटिंगकडून एजन्सीच्या आर्टिस्टकडे, त्याने पानावर शब्द बदलला आणि विषय संपला. मला कळवणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. ‘आणि तुम्ही पुढच्या वेळीही तेच लिहिलंत ना, तेव्हा ते म्हणाले, या बाई सांगितलेलं ऐकत नाहीत.’

संपादक महोदय, मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तरी त्या माणसांच्या जागेवरून पाहिलं तर त्यांचीही चूक वाटत नाही. त्यांनी सांगितलं होतं, फक्त माझ्यापर्यंत आलं नव्हतं. तेव्हापासून क्लायंट गप्प बसला की मी चिडण्याआधी विचार करते, हा का गप्प असेल?

माझ्या कामात पहिलं कारण असं की माझ्याशी बोलणाऱ्या माणसाला बहुधा मराठी येत नाही. बीकेसीतल्या ऑफिसात बसलेली ब्रँड मॅनेजर बेंगळुरूची असते, एजन्सीतला मुलगा लखनौचा. त्यांनी मजकूर मागवला, पण तो वाचून मत देणं त्यांना शक्यच नाही. मग तो ऑफिसातल्या कुणा मराठी माणसाकडे जातो, अकाउंट्समधल्या कुलकर्णी मॅडम किंवा ॲडमिनमधले कुणी. त्यांचं ते काम नसतं. ते चहाच्या वेळेत चाळतात आणि ‘ठीक आहे, जरा जड वाटतंय’ म्हणून परत देतात. ‘जड’ म्हणजे नेमकं काय? तो शब्द इंग्रजीत भाषांतर होऊन माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचं काहीच उरत नाही, म्हणून बहुतेकदा तो पाठवलाही जात नाही.

दुसरं म्हणजे बोलण्यासाठी लागणारे शब्दच लोकांकडे नसतात. काहीतरी खटकतंय हे कळतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही. आपण म्हटलं ‘आवडलं नाही’ आणि समोरच्याने ‘का?’ विचारलं तर काय सांगायचं, या संकोचाने माणूस बोलायचं टाळतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, मी स्वतः तसं वागले आहे.

वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही भावंडांनी सोळा पानांची एक आठवणींची पुस्तिका करायची ठरवली. मांडणीसाठी डोंबिवलीच्या एका तरुण डिझायनरला काम दिलं. त्याने दहा दिवसांत पानं पाठवली. मी उघडली आणि मन खट्टू झालं. वाईट नव्हती, पण आमची वाटत नव्हती. मी त्याला लिहिलं, ‘मिळालं, बघून कळवते.’ अगदी हेच शब्द. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटलं, पण काय लिहू ते सुचेना. पोराने मेहनत केली आहे, त्याला वाईट वाटेल. आठवडा गेला. आता लिहायचं तर आधी उशिराबद्दल माफी मागायला हवी, त्यामुळे ते आणखी अवघड झालं. त्याचा मेसेज आला, ‘ताई, बघितलंत का?’ मी तो वाचला, निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार, आणि मी उत्तर दिलं नाही. असे एकवीस दिवस गेले. ज्या वागण्याने मी वर्षानुवर्षं दुखावले जात होते, तेच मी एका पंचविशीतल्या मुलाशी करत होते, आणि मला ते कळत होतं.

शेवटी पानं वडिलांसमोरच ठेवली. त्यांना आश्चर्याची भेट द्यायची होती, तो बेत सोडून दिला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि दहा मिनिटांत खुणा केल्या. ‘समास फार अरुंद, बांधणीत अक्षरं जातील. आईचा फोटो छपाईत काळा पडेल, उजळ करायला सांग. ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, मराठी वळणाचे घे म्हणावं.’ त्या ल आणि श मुळेच ते पान मला परकं वाटत होतं. राज्य सरकारने २००९ साली आदेश काढून मराठी वळणाचे ल आणि श निश्चित केले आहेत, कामात मी स्वतः इतरांना ते सांगत असते, आणि इथे घरच्या पानावर मला ते दिसलं नव्हतं! मी पेन्सिलीच्या खुणांचे फोटो काढून त्या मुलाला पाठवले आणि उशीर माझ्याकडून झाला, मनापासून माफ कर, असं लिहिलं. तासाभरात त्याचं उत्तर आलं: ‘ताई, मला वाटलं काम रद्द झालं. बदल उद्या देतो.’ पुस्तिका सुंदर झाली. पण एकवीस दिवस तो काय समजून बसला होता ते त्या पहिल्या वाक्यात आहे.

वाईट बातमी सांगायला माणूस कचरतो यावर अमेरिकेत १९७० साली सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले होते. निरोप चांगला असेल तर लोक तो लगेच आणि पूर्ण पोहोचवतात. वाईट असेल तर टाळतात किंवा अर्धवट सांगतात, त्या वाईटाशी त्यांचा स्वतःचा काही संबंध नसला तरी. त्यांनी या सवयीला ‘मम’ असं नाव दिलं, इंग्रजीत तोंड मिटून बसण्याला तसं म्हणतात. आपल्याकडे तर याला संस्कारांची जोड आहे. ‘नको’ म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मग ‘बघू’, ‘कळवतो’, ‘टीमशी बोलतो’ म्हणायचं आणि समोरच्याने आपणहून समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवायची. लग्नाच्या स्थळाला नकार द्यायचा तरी आपण ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतो. तिथे निदान ते एक वाक्य तरी मिळतं.

तिसऱ्या कारणाचा दोष माझ्यासारख्यांकडेही जातो. सुरुवातीच्या वर्षांत एका क्लायंटने अगदी सौम्यपणे लिहिलं होतं की ‘हप्ता’ऐवजी ‘प्रीमियम’ चालेल का. मी त्याला दोन पानी उत्तर पाठवलं. हप्ता हा शब्द किती जुना, किती रुळलेला, सगळं. माझं म्हणणं बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. त्याने ‘ओके’ एवढंच लिहिलं. त्यानंतर त्याने पाच वर्षं मला काम दिलं, पण पुन्हा कधीच सूचना केली नाही. बोललं की वाद होतो, किंवा जादा पैसे मागतील, असं एकदा मनात बसलं की माणूस खर्च-फायदा बघतो. गप्प राहून काम स्वतःच्या पद्धतीने बदलून घेणं त्याला स्वस्त पडतं. फारच नाही जमलं तर दुसरा अनुवादक एका फोनवर आहे. नोकरीतल्या माणसाला सुधारावं लागतं, कारण तो उद्याही समोर बसणार असतो. बाहेरच्याला सुधारायची गरज कुणाला?

याउलट अनुभवही सांगायला हवा. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानांवर मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मुंबईत एकच धावपळ उडाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असाही नियम, त्यामुळे जुन्या पाटीच्या कोपऱ्यात चार अक्षरं घालून भागणार नव्हतं. माझ्याकडे एका पाटीवाल्यामार्फत घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातली तीसेक दुकानं आली. एकेका पाटीचे दोनशे-तीनशे रुपये. आणि काय सांगू, त्या तीस दुकानदारांनी मला जेवढं परखडपणे सांगितलं तेवढं कुठल्याही मोठ्या कंपनीने चौदा वर्षांत सांगितलं नाही. एका कच्छी काकांनी पाटी वाचली आणि लगेच फोन केला. ‘बेन, हे वस्त्रभांडार नको. माझ्या दुकानात ब्लाऊजपीस आणि अस्तर मिळतं, लोकांना तेच शोधायचं असतं. अस्तर मोठं लिहा.’ मी ‘अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस’ असं लिहून दिलं. पाच मिनिटांत ‘बहु सरस’ आलं आणि पैसेही आले.

मोठ्यांना जमत नाही ते काकांना कसं जमलं? पैसे त्यांच्या खिशातले, पाटी त्यांच्या डोक्यावर लागणार, आणि वाचणारेही तेच. मधे कुणी नव्हतं, त्यांना कुणाला विचारून बोलायचं नव्हतं. मला वाटतं शांतता तिथेच साठते जिथे विचारणारा एक, वाचणारा दुसरा आणि ठरवणारा तिसरा असतो.

अर्थात मोठ्या ठिकाणीही हे जमवता येतं. औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं मी करते. त्यात माझा मराठी मजकूर दुसऱ्याच अनुवादकाकडून परत इंग्रजीत करून घेतात आणि मूळ इंग्रजीशी ओळीने ओळ ताडून बघतात. जिथे फरक पडतो तिथे माझ्याकडे तक्ता येतो. पान ६, ओळ ११, मूळ असं, तुमचं असं, उलट अनुवाद असा, खुलासा करा. एका संमतिपत्रात मी ‘तुम्ही कधीही बाहेर पडू शकता’ लिहिलं होतं. उलट अनुवादात ते खोलीतून बाहेर पडण्यासारखं झालं. मी ‘या चाचणीतून कधीही माघार घेऊ शकता’ केलं. रुग्णाच्या हक्काचं वाक्य होतं ते, तिथे संदिग्धता राहिली असती तर मला झोप लागली नसती. हे लोक माझ्यावर विशेष प्रेम करतात असं नाही. त्यांच्या तक्त्यात माझ्यासाठी एक रकाना आहे आणि रिकामा रकाना पुढे पाठवता येत नाही, म्हणून ते लिहितात.

गप्प बसण्याचा कायद्यानेही विचार केलेला आहे, हे माझ्यासारख्या अनेकांना माहीत नसतं म्हणून लिहिते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्ये अशी तरतूद आहे की माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर ज्या दिवशी ती मिळाली त्याच दिवशी स्वीकारली असं धरायचं. पैसे देण्याची मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्यासाठी आपली उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असायला हवी. ती ऑनलाइन होते आणि तिला पैसे पडत नाहीत. शिवाय २०२३ साली आयकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही असं ठरलं. तेव्हापासून मार्चमध्ये मला अकाउंट्समधून आपणहून फोन येतात, ‘मॅडम, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवता का?’ मी आता बिलाच्या तळाशी १५ दिवसांच्या लेखी हरकतीची ओळ छापते. पैशांत खरोखर फरक पडला. जे बिल तीन महिने रखडायचं ते दीड महिन्यात येऊ लागलं. पण मत आलं नाही. कायद्याच्या दृष्टीने माझं काम पंधराव्या दिवशी स्वीकारलं गेलेलं असतं, आणि ते बरं होतं की वाईट हे मला सोळाव्या दिवशीही ठाऊक नसतं.

त्यामुळे मी माझी पद्धत बदलली. पूर्वी मी फाइलसोबत ‘कसं वाटलं ते जरूर कळवा’ असं लिहायची. आता कळतं की हा फार अवघड प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायचं तर माणसाला सगळं वाचून, विचार करून, शब्द शोधून बसावं लागतं. आता मी तीनच प्रश्न पाठवते, एका शब्दात उत्तर देता येईल असे. पान ४ वर ‘नॉमिनी’ ठेवू की ‘वारसदार’? (दोन्हींत कायद्याने फरक आहे, म्हणून विचारते.) वाचकाला ‘तुम्ही’ म्हणायचं की ‘आपण’? ‘ग्रेस पीरियड’साठी, म्हणजे हप्ता भरायला मिळणाऱ्या जादा मुदतीसाठी, तुमच्या जुन्या कागदांत कुठला शब्द आहे? यांची उत्तरं येतात. कधी रात्री अकराला, लोकलमधून टाइप केलेली, पण येतात. आणि एकदा माणूस बोलायला लागला की पुढची गोष्ट तो आपणहून सांगतो. उत्तर आलं की मी वाद घालत नाही. ‘कळलं, बदलते’ किंवा ‘एक शंका आहे’ एवढंच. दोन पानी उत्तरं मी बंद केली आहेत.

आपला अंक कंपन्यांतली, एजन्सींतली, छोटे व्यवसाय चालवणारी माणसंही वाचतात. त्यांना माझी विनंती आहे. काम बाहेर देताना ते वाचू शकणाऱ्या एका माणसाचं नाव आणि नंबर सोबत द्या. मजकुरात बदल केलात तर बदललेली फाइल आम्हाला परत पाठवा. कारण लिहायला वेळ नसेल तरी चालेल, फाइल शेजारी ठेवून आम्ही ओळखू. काम रद्द झालं असेल तर ‘रद्द’ असा एक शब्द पाठवा, पोटात गोळा घेऊन महिनाभर वाट बघण्यापेक्षा ते खूप बरं. आवडलं नसेल तर ‘आवडलं नाही’ एवढंच लिहा, पुढचं विचारायचं काम आमचं. आणि उशीर झाला म्हणून लाज वाटत असेल, तर एकवीस दिवसांनी उत्तर देणाऱ्या बाईच्या अनुभवावरून सांगते, समोरचा माणूस रागावलेला नसतो. तो फक्त वाट बघत असतो.

शेवटी एक निरोप, तो माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका व्यक्तीसाठी आहे. त्या विमा कंपनीच्या मराठी पुस्तिका माझ्यानंतर जी कुणी व्यक्ती करत असेल तिला: ‘फ्री लूक पीरियड’साठी त्यांच्या लीगलला ‘मुक्त अवलोकन कालावधी’ हाच शब्द लागतो, बदलू नका. पण त्यापुढे कंसात ‘पॉलिसी परत करण्याची मुदत’ असं लिहू द्याल का, हे काम सुरू करण्याआधीच विचारून घ्या. मला ते विचारायचं राहून गेलं.

आपली नम्र,
एक अनुवादक, मुलुंड (पूर्व)

(आजही ज्यांचं काम करते त्यांना अवघड वाटू नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. पूर्ण नाव आणि पत्ता पाकिटावर दिला आहे.)